भोवऱ्याची आर घरच्या लेथवर: मध्य चुकतो कुठे आणि क्रम कसा लावायचा

भोवरा थरथरला की दोष लाकडाला दिला जातो. उलटा करून बघितला तर बहुतेक वेळा आर, म्हणजे खालचा धातूचा खिळा, तिरकी निघते. लोक माझ्याकडे घरी केलेल्या आरा घेऊन येतात. चकाकी असते, मापंही कागदावर बरोबर असतात, आणि तरी हातजाळीवर घेतला की भोवरा तळहातावर थडथडतो. विचारलं की कळतं, आटे एका बांधणीत (लेथच्या चकात, म्हणजे पकडीत, एकदा धरून) कापले, जॉब (कातायचा तुकडा) उलटा फिरवून टोक दुसऱ्या बांधणीत केलं, आणि लाकडातलं भोक हातातल्या ड्रिल मशीननं मारलं. तीन कामांचे तीन मध्य झाले. मग चांगल्या हाताचा माणूससुद्धा ते जुळवू शकत नाही.

खाली दिलेला क्रम बदलू नका. मापं तुमच्या भोवऱ्याप्रमाणे बदला. इथली मापं साधारण ५० मिमी व्यासाच्या, जाळीनं (दोरीनं) फेकायच्या लाकडी भोवऱ्याची आहेत.

१. आधी कागद, मग लेथ

टोकाची गोलाई किती ठेवायची हे भोवरा कुठं खेळणार त्यावर ठरतं. टोक जितकं बारीक, तितका जमिनीशी स्पर्श कमी, घर्षण कमी, आणि भोवरा जास्त वेळ फिरतो. पण फार बारीक टोक मातीत रुततं, फरशीवर ओरखडे काढतं आणि तळहाताला टोचतं. गोलाई मोठी ठेवली तर तिरका पडलेला भोवरा लवकर सरळ उभा राहतो, पण हिंडत राहतो आणि लवकर थकतो.

माझा अनुभव असा: फरशी आणि हातजाळीसाठी १.५ मिमी त्रिज्या, अंगणातल्या मातीसाठी २ ते २.५ मिमी. गुच्चा खेळणारी पोरं सुईसारखी आर मागतात. त्यांना मी देत नाही. समोरच्याचा भोवरा फुटायच्या आधी कुणाचा तरी पाय फुटतो.

आरीचे भाग कागदावर असे काढा:

- आट्यांचा भाग: एम ५ (५ मिमीचे मेट्रिक आटे), लांबी ११.५ मिमी
- गळा: व्यास ६ मिमी, लांबी २.५ मिमी, आटे नसलेला, गुळगुळीत
- कॉलर: व्यास ९ मिमी, जाडी २ मिमी
- शंकू: ९ मिमीपासून ३ मिमीपर्यंत उतरणारा, लांबी ९ मिमी
- टोक: १.५ मिमी त्रिज्या

यातला गळा लोक गाळतात आणि तिथंच फसतात. आटे ओढून धरायचं काम करतात, मध्य राखायचं नाही. नट आणि बोल्ट यांच्यात जी ढिलाई असते तीच आरीतही असते. मध्य राखायचं काम गळ्याचं आणि आर काटकोनात बसवायचं काम कॉलरच्या पाठीचं.

२. माल

आरीला ओएचएनएस हे तेलात कडक करायचं टूल स्टील घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूलरूमवाल्यांकडे या पोलादाचे १० मिमी गोल बारचे तुकडे सहज मिळतात. आमच्याकडे ते किलोवर विकले जातात, आणि आरीला लागतो वीतभर. पितळ कापायला सोपं, दिसायला देखणं, पण नुसत्या पितळेचं टोक सिमेंटच्या अंगणात दोन दिवसांत चपटं होतं. साधं एमएस (माइल्ड स्टील) त्याहून थोडं बरं, इतकंच.

एकदा भंगारातून "टूल स्टीलच आहे की" म्हणून मिळालेल्या बारच्या सहा आरा केल्या, पाणी दिलं (तापवून, बुडवून कडक केल्या), आणि कानस लोण्यासारखी चालली. तेव्हापासून नवा बार आला की आधी एक इंच तुकडा कापून, तापवून, तेलात टाकून बघतो. पाच मिनिटं जातात, सहा आरा वाचतात.

याशिवाय लागेल ते: मॅन्ड्रेलसाठी (टोक कातताना आर ज्यात आवळून धरायची त्या तुकड्यासाठी) १६ मिमी एमएस किंवा पितळ, एम ५ चा डाय (बाहेरच्या आट्यांसाठी) आणि टॅप (भोकातल्या आट्यांसाठी), ४.२ आणि ५.८ मिमी ड्रिल, ६ मिमी मशीन रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार), ०–२५ चा मायक्रोमीटर. गळ्याला व्हर्निअर चालणार नाही.

३. लेथची तयारी

टूलची उंची मध्यावर आहे का बघायची सोपी रीत: बांधलेला बार आणि टूलचं टोक यांच्यात सहा इंची स्टीलची पट्टी हलकेच दाबून धरा. पट्टी उभी राहिली तर टूल मध्यावर. वरचं टोक तुमच्याकडे कललं तर टूल खाली आहे, जॉबकडे कललं तर वर आहे. खाली पत्र्याच्या पट्ट्या घालून जुळवा. टोकाला मध्यभागी जी बारीक घुंडी राहते आणि लोक ती कानशीनं घासत बसतात, तिचं मूळ इथं आहे.

टेलस्टॉक (चकासमोरचा सरकता आधार) सरळ आहे का तेही बघा. चकात टोकदार तुकडा बांधून तिथल्या तिथं टोक काढा आणि टेलस्टॉकचा सेंटर (टोकदार टेकू) त्याला भिडवा. दोन्ही टोकं वरून आणि बाजूनं समोरासमोर यायला हवीत.

वेग: एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलनं ओएचएनएस कापताना मिनिटाला साधारण १५ मीटर धरा. १० मिमी बारला ते ५०० फेऱ्यांच्या आसपास येतं. पितळेला १,८०० पर्यंत जा.

*सावधान:* हातमोजे घालायचे नाहीत. बाह्या वर, चष्मा डोळ्यांवर. चकची चावी हातातून सुटली की ती चकात नाही, टेबलावर असली पाहिजे. चावी चकात ठेवून मशीन चालू करणारा माणूस फार तर एकदाच ते करतो.

४. शँक: गळा आणि आटे एकाच बांधणीत

आधी एक गेज करून ठेवा. पितळेच्या तुकड्यात ५.८ चं ड्रिल मारा आणि ६ मिमी रीमर फिरवा, झालं गेज. गळा यात बोटाच्या दाबानं सरकला पाहिजे आणि आत गेल्यावर हलता कामा नये.

आता बार चकाबाहेर २२ मिमी काढून बांधा आणि या क्रमानं चला:

१. फेसिंग मारा, म्हणजे बारचं तोंड सपाट कापा.
२. पुढचा १४ मिमी भाग ६ मिमीवर आणा. शेवटचे दोन कट ०.१ मिमीपेक्षा कमी द्या. मायक्रोमीटरवर ५.९९ आलं की थांबा आणि गेज लावून बघा.
३. कॉलरची पाठ आतून बाहेर फेस करा. गळ्याला लागून कोपऱ्यात गोलाई राहू देऊ नका, नाहीतर कॉलर पूर्ण टेकणार नाही. कोपरा नुसता किंचित खोल गेला तरी चालेल.
४. पुढचे ११.५ मिमी ४.९ वर आणा. मागे २.५ मिमी गळा तसाच राहिला पाहिजे.
५. टोकाला १ मिमीची चँफर (तिरकी कड) द्या.
६. मशीन बंद करा. डाय टेलस्टॉकच्या डाय होल्डरमध्ये धरून चक हातानं फिरवा. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, कटिंग ऑइल सढळ.

डाय गळ्याच्या जवळ थांबला की शेवटचा एखाद-दीड मिमी आटा अर्धवट राहतो. राहू दे. पुढं भोकात त्याच्यासाठी मोकळी जागा ठेवली आहे.

इथं बार उलटा फिरवून बांधायची घाई होते. तसं करू नका. तीन जॉच्या चकात जॉब काढून पुन्हा बांधला की मध्य हलतोच. घरगुती चकात ०.१ मिमी सरकणं अगदी नेहमीचं आहे. बार पुढे ओढून एकूण ३० मिमीवर कापून घ्या. पार्टिंग टूलनं कापलं तरी चालेल. लहान लेथवर मात्र मी चक थांबवून, बेडवर लाकडाची फळी ठेवून, सरळ हॅकसॉ मारतो. पार्टिंग अडकून टूल मोडण्यापेक्षा चार मिनिटं घाम गाळलेला परवडला.

अशा चार-पाच आरांच्या शँक एका दमात करून घ्या. पुढच्या टप्प्यात चक अडकून पडणार आहे.

*तपासणी:* प्रत्येक शँक गेजमध्ये घाला. कॉलर आणि गेज यांच्यामध्ये उजेड दिसला तर कोपरा पुन्हा साफ करा. एक जरी डगडगली तर ती बाजूला ठेवा, सरावाला वापरा.

५. मॅन्ड्रेल

सगळ्या कामाचा जीव इथं आहे. १६ मिमीचा तुकडा चकात घट्ट बांधा. एकदा बांधला की सगळ्या आरा होईपर्यंत चकाला चावी लावायची नाही.

फेसिंग, सेंटर ड्रिल, मग ४.२ चं ड्रिल २० मिमी खोल. त्यानंतर ५.८ चं ड्रिल ७ मिमी आणि त्यावर ६ मिमी रीमर ६ मिमी खोल. रीमर कमी वेगानं, तेल लावून चालवा, आणि बाहेर काढतानाही चक पुढच्याच दिशेनं फिरत राहू दे. रीमर उलटा फिरवला की धार जाते आणि भोक ओरबाडलं जातं. मग टॅप टेलस्टॉकमध्ये धरून चक हातानं फिरवत एम ५ चे आटे पाडा. शेवटी तोंडावरून पुन्हा एक अगदी हलका फेसिंग कट, म्हणजे कॉलर टेकणारी जागा भोकाशी काटकोनात येते.

क्रम असाच का? टॅप आधी मारला तर रीमर आट्यांवरून घसरत जातो आणि गळ्याचं भोक बाजूला झुकतं. हे मी बाकी कुठं शिकलो नाही, वाया गेलेल्या एका मॅन्ड्रेलनं शिकवलं.

मधेच वीज गेली तरी घाबरू नका. चक हलवलं नाही तर काही बिघडत नाही. घरातल्या कुणी "जरा स्वच्छ करते" म्हणून मॅन्ड्रेल काढून ठेवला असेल, तर तोच पुन्हा बांधू नका. नवा करा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

६. टोक

शँकला तेलाचा एक थेंब लावून ती मॅन्ड्रेलमध्ये कॉलर टेकेपर्यंत आवळा. उजवे आटे असल्यामुळे कापताना ती आणखी घट्ट होत जाते, सुटत नाही.

कॉलरचा बाहेरचा व्यास ९ वर आणा. मग एकूण लांबी कॉलरच्या पाठीपासून १२ मिमी धरून जास्तीचा भाग फेस करा. कंपाउंड स्लाइड (टूल तिरकं सरकवणारा भाग) १८ अंशांवर फिरवून आवळा आणि शंकू काढा. कॉलरची २ मिमी पट्टी शिल्लक ठेवून शंकू टोकाला ३ मिमीवर यायला हवा. कंपाउंडवर एका दिशेनंच कट द्या. मागेपुढे केलं की बॅकलॅशमुळे (स्क्रूच्या ढिलाईमुळे) पायरी पडते.

गोलाईसाठी फॉर्म टूल घासत बसायची गरज नाही. टूलनं टोकावर दोन लहान चँफर द्या, एक उभट, एक आडवी. मग बारीक कानशीनं कडा मोडत जा. कानशीला मूठ हवीच, आणि कानस डाव्या हातात, म्हणजे हात चकावरून जात नाही. दर चार-पाच घासांनी मशीन थांबवून १.५ चं रेडियस गेज लावा आणि उजेडासमोर धरा. मध्यभागी उजेड दिसला तर टोक चपटं आहे, बाजूंना दिसला तर टोक निमुळतं झालं आहे.

मग ४००, ८०० आणि १,२०० चा पॉलिश पेपर, लाकडी पट्टीवर चिकटवलेला. बोटाला गुंडाळून कधीच नाही, पेपर बोटासकट ओढला जातो.

आर सोडवताना कॉलरभोवती चामड्याची पट्टी गुंडाळून पक्कड लावा. चामडं मिळायची अडचण कोल्हापुरात कुणाला यायची नाही. जुन्या चपलेचा पट्टाही चालतो.

७. पाणी द्यायचं, पण तेलात

आपण कोयत्याला पाणी देतो म्हणतो, तसंच हे. मात्र ओएचएनएस पाण्यात बुडवलं तर चिरतं. त्याला तेलच लागतं.

पोलादी डब्यात लिटरभर तेल साधारण ५० अंशांपर्यंत कोमट करा. डब्याला घट्ट बसणारं झाकण हाताशी ठेवा, आणि काम उघड्यावर करा. आरीच्या आट्यांत लांब तार अडकवा आणि गॅसच्या टॉर्चनं टोकाकडचा भाग तापवा, आटे नाहीत. आटे मऊ राहिले तर चांगलंच, आपटल्यावर मोडत नाहीत.

पोलादाला ८०० अंशांच्या आसपासची उष्णता हवी. भट्टी नसेल तर लोहचुंबक वापरा. साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटेनासं होतं. तिथून थोडं पुढं, पिकलेल्या चेरीसारखा लाल रंग आला की मिनिट-दोन मिनिटं तसंच धरा, मग टोक खाली करून सरळ तेलात. नारिंगी दिसू लागलं म्हणजे जास्त झालं, पोलाद भुसभुशीत होतं. उन्हात रंग फसवतो, संध्याकाळी सावलीत करा.

हाताला सोसवेल इतकं थंड झालं की लगेच घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर. "उद्या करू" म्हणून ठेवलेली आर रात्रीत आपोआप तडकू शकते. तेल नीट पुसून मगच ओव्हनमध्ये ठेवा, नाहीतर पुढचे आठ दिवस भाकरीला इंजिनाचा वास येतो आणि घरात कुणी बोलत नाही.

*तपासणी:* कॉलरजवळ कानस घासून बघा. ती चावायच्या ऐवजी घसरली पाहिजे.

मग आर पुन्हा त्याच मॅन्ड्रेलवर, आणि काळा थर १,२०० च्या पेपरनं काढून पॉलिश.

पाणी द्यायची सोय नसेल तर शंकू पितळेचा करा आणि टोकाला बेअरिंगची ४ मिमी गोळी बसवा. मॅन्ड्रेलवरच शंकूचं टोक साडेपाच मिमी रुंद ठेवून ४ मिमी ड्रिल मारा, पूर्ण व्यासाची खोली १.७ मिमी. ड्रिलचा शंकूसारखा तळ सपाट करू नका, गोळीला मध्यावर तोच धरतो. गोळी १.४ मिमी बाहेर राहते आणि निम्म्याहून जास्त आत जाते. इपॉक्सीचा थेंब टाकून गोळी बसवा, मग भोकाची कड हलक्या ठोक्यांनी गोळीवर वळवा.

८. लाकडातलं भोक

बाजारातल्या भोवऱ्याचा खिळा उपटून त्याच भोकात आर बसवणं ही सगळ्यात मोठी चूक. तो खिळा मध्यावर होता याची खात्री काय? आधी जुन्या भोकात लाकडी खुंटी गोंदानं ठोका आणि दिवसभर सुकू द्या.

भोवरा चकात थेट धरता येत नाही. लाकडाचा ठोकळा चकात बांधून त्यात भोवऱ्याच्या डोक्याच्या आकाराची वाटी कोरा आणि भोवरा त्यात दाबून बसवा. हातानं फिरवून, डोळ्यांनी नाही तर डायल गेज किंवा निदान टूलचं टोक जवळ नेऊन, फट सगळीकडे सारखी आहे का बघा.

फेकायच्या भोवऱ्यात आटे थेट लाकडात पाडू नका, आठवड्यात झिजतात. १० मिमी पितळेचा १८ मिमी लांबीचा बुश (पोकळ नळी) करा. त्याचं भोक मॅन्ड्रेलसारखंच, त्याच क्रमानं, फक्त ४.२ चं ड्रिल आरपार. बाहेरचा व्यासही त्याच बांधणीत, आणि इपॉक्सी धरायला दोन बारीक खाचा. लाकडात १० मिमी भोक लेथवरच मारा, बुश चिकटवा, आणि टेलस्टॉकचा सेंटर बुशच्या तोंडात टेकवून रात्रभर तसंच ठेवा. चिकटताना बुश कलतो तो इथं कलत नाही.

दुसऱ्या दिवशी, सेंटरचा आधार तसाच ठेवून, भोवऱ्याच्या खालच्या अंगावरून हलका कट घ्या. आता लाकूड आरीच्या मध्याभोवती गोल झालं.

मिरगाच्या पावसानंतर कातलेलं लाकूड उन्हाळ्यात आकसतं आणि गोल राहत नाही. आपल्याकडच्या पावसात हे काम काढूच नका, किंवा ठोकळा दोन-तीन महिने घरात वाळवून घ्या. लेथच्या बेडवर तेलाचा हात मात्र पावसाळाभर हवा.

९. बसवणी आणि काजळीची परीक्षा

आर हातानं आवळा आणि चामडं लावून पाव फेरा द्या. वरून बघितल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरणारा भोवरा जमिनीच्या घर्षणानं आर आणखी घट्ट करत जातो. जाळी उलटी गुंडाळणाऱ्याची आर मात्र सैल होत जाते. डावखुऱ्या पोरांच्या आरा हरवतात त्या म्हणून. त्यांच्या आट्यांना लॉकिंगचं द्रावण लावा.

आता काचेचा तुकडा दिव्यावर धरून काजळी धरवा, सपाट ठेवा आणि त्यावर भोवरा हातानं फिरवून सोडा. टोक मध्यावर असेल तर काजळीत एक सलग बारीक रेघ हिंडताना दिसते. टोक बाजूला असेल तर रेघेऐवजी एकाला एक चिकटलेली बारीक वेटोळी उमटतात.

वेटोळी दिसली तर लगेच आर फेकू नका. त्याच बॅचमधली दुसरी आर लावून बघा. वेटोळी गेली तर पहिली आर खराब. तशीच राहिली तर बुश किंवा लाकूड चुकलं आहे, आणि आठव्या टप्प्यावर परत जायचं आहे. आठव्या टप्प्यासाठी मॅन्ड्रेल चकातून निघालेला असतो, त्यामुळे नवी आर लागली तर मॅन्ड्रेलही नवा करा.